खंडणी कुणाला?



आजचं वाचन आहे मार्क १०:४५-५२. आठच वचनं आहेत. आधी बायबल उघडून ती वाचा, मग खाली या. आजचं मनन नेहमीपेक्षा लांबलंय, त्यामुळे सकाळी बसमध्ये पुरं झालं नाही तर रात्री वाचा.

गेल्या रविवारी आमच्या तरुण संघात हाच भाग होता. पंचेचाळिसाव्या वचनात येशू शिष्यांना सांगतो की तो चाकरी करवून घ्यायला आलेला नाही, करायला आलाय, आणि त्याचा जीव पुष्कळांसाठी 'खंडणी' होणार आहे. एवढं वाचून झालं आणि इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगा म्हणाला, "ताई, खंडणी तर गुंड मागतात ना? मग येशूनं खंडणी दिली ती कुणाला?"

सगळे हसले. मीही हसले. खरंच, पेपर उघडला की हा शब्द कुठे दिसतो? 'व्यापाऱ्याकडे खंडणी मागणाऱ्या दोघांना अटक.' मी त्याला जुना अर्थ सांगितला. जिंकलेल्या मुलखाकडून घ्यायची ती खंडणी, पकडलेल्या माणसाला सोडवायला भरायची तीही खंडणी. ग्रीक शब्द आहे 'लुट्रॉन', म्हणजे गुलामाला किंवा युद्धकैद्याला सोडवण्यासाठी मोजायची रक्कम. त्यानं मान डोलावली, आम्ही पुढच्या वचनाकडे गेलो, शेवटी चहा झाला.

पण रात्री झोप येईना. त्यानं विचारलं होतं 'कुणाला', आणि मी सांगितलं होतं 'म्हणजे काय'. दोन वेगळे प्रश्न.

आणि एक खंडणीच कशाला? 'तारण' घ्या. आपण मंडळीत हा शब्द दिवसातून दहा वेळा म्हणतो: तारण झालं, तारणारा, तारणाची साक्ष. मंडळीच्या बाहेर आलं की रस्त्यापलीकडच्या पाटीवर तोच शब्द: सोनेतारण कर्ज. मी बारावीत असताना आईनं तिच्या दोन पाटल्या अशाच तारण ठेवल्या होत्या, माझ्या प्रवेशासाठी. काउंटरवरच्या माणसानं त्या काट्यावर ठेवल्या, काळ्या दगडावर घासून पाहिल्या, पावती दिली. आई परत येताना रिकामी मनगटं पदराखाली घेऊन चालत होती. पुढची चार वर्षं घरात त्या पाटल्यांना पाटल्या कुणी म्हटलं नाही, 'तारण' म्हणायचे. "तारण कधी सुटायचं?" रविवारी मंडळीत तारणाची गाणी म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर त्या पाटल्या यायच्या, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

गंमत अशी की शब्दाचं मूळ बाजारातलं नाहीच. तारणे म्हणजे पैलतीराला नेणे. भीमेवर पूल नव्हते तेव्हा नावाडी करायचा ते. आता गाडीनं दोन मिनिटांत पलीकडे जाता येतं, तर तारण म्हटल्यावर नाव कुणाच्या डोळ्यांपुढे येणार? बँकच येणार.

पण बायबलनं बाजारातले शब्द टाळलेले नाहीत, हेही खरं. आपल्या मराठी बायबलमध्येच बघा. इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात पवित्र आत्मा म्हणजे आपल्या वतनाचा 'विसार'. जमिनीचा व्यवहार ठरला की आधी हातावर ठेवतात तोच विसार, आणि वतन म्हणजे आपल्या पूर्वजांनी ज्यासाठी डोकी फोडली ते वतन. इब्री लोकांस पत्राच्या सातव्या अध्यायात येशू कराराचा 'जामीन'. मग कोर्टातलं 'नीतिमान ठरवणं' आहे, भांडणातला 'समेट' आहे, देवळातलं 'प्रायश्चित्त' आहे, घरातलं 'दत्तक' आहे. यशया तर तारणाच्या झऱ्यांचं पाणी शेंदतो, तारणाची वस्त्रं नेसतो. स्तोत्रकर्ता तारणाचा प्याला उचलतो, पौल तारणाचं शिरस्त्राण घालायला सांगतो. अठराव्या स्तोत्रात तर सुटका म्हणजे चहूबाजूंनी कोंडी झालेल्याला देवानं ऐसपैस मोकळ्या जागेत आणून उभं करणं. (मुंबईच्या एका खोलीत सहा जण राहणाऱ्यांनी हे स्तोत्र जरूर वाचावं.)

इतकी चित्रं कशाला? एक नीटसं पुरलं नसतं का? मला वाटतं, नसतं पुरलं. एकच चित्र धरून ओढत नेलं की ते फाटतं, आणि खंडणीचं चित्र चर्चच्या इतिहासात खरोखरच ओढलं गेलं. तिसऱ्या शतकात ओरिगेननं विचारलं, खंडणी मिळाली कुणाला? देवाला तर नाही, मग आपल्याला धरून ठेवणाऱ्या सैतानालाच असणार. चौथ्या शतकात निस्साच्या ग्रेगरीनं ते आणखी पुढे नेलं: येशूची मानवता म्हणजे आमिष, आत देवत्वाचा गळ, आणि सैतान माशासारखा फसला. त्याचाच मित्र, नाझियान्झसचा ग्रेगरी, याला हे सहन झालं नाही. लुटारूला मोबदला, आणि तोही देव स्वतः मोबदला म्हणून? छे! मग पित्याला म्हणावं, तर पित्यानं कुठे आपल्याला कैद केलं होतं? पुढे १०९८ च्या सुमारास अन्सेल्मनं सैतानाला या व्यवहारातून बाहेर काढलं आणि म्हटलं, देणं देवाचंच होतं, त्याच्या मानाचं. म्हणजे आमच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाचा प्रश्न चांगला सतराशे वर्षं जुना आहे. मी त्याला हे सांगितलं तेव्हा त्याची कॉलर ताठ झाली.

आता माझ्याकडे येते, कारण माझ्यासाठी हा प्रश्न ग्रंथातला नाही, घरातला आहे.

माझी पणजी केडगावची. म्हणजे जन्मानं नाही. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून ज्या मुली पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात आल्या, त्यांतली ती एक. वय सात-आठ असावं. आजी सांगायची, पणजी मराठी अस्खलित बोलायची, पण आकडे मोजायची ते शेवटपर्यंत गुजरातीत. छापखान्यात खिळे जुळवायची. आणि दुसरी गोष्ट: म्हातारपणी घरात सगळं असतानाही रात्री उशाखाली भाकरीचा एक तुकडा घेऊन झोपायची. सकाळी तो वाळलेला तुकडा चहात बुडवून खायची. कुणी हसलं तर उत्तर द्यायची नाही.

दोन वर्षांपूर्वी ऑफिसच्या कँटीनमध्ये धर्मांतरावरून गप्पा निघाल्या. एक सहकारी, माणूस वाईट नाही, माझ्या डब्यातली चटणी खाता खाता म्हणाला, "तुमचे लोक भाकरीसाठीच ख्रिस्ती झाले ना पण? म्हणजे विकतच घेतलं की तुम्हाला." मी काहीतरी विनोद करून वेळ मारून नेली. पण त्या उशाखालच्या तुकड्यानं मला घरापर्यंत सोडलं नाही. खरं सांगू? मला राग आला नाही, लाज वाटली. वाटलं, म्हणतोय ते खरं असलं तर? माझ्या विश्वासाची सुरुवातच एका खरेदीत असली तर?

म्हणून मग गेल्या महिन्यात हडपसरहून दौंडच्या गाडीत बसले. लोणी, उरुळी, यवत, खुटबाव, केडगाव. खिडकीतून ऊस आणि ऊसच, मध्ये मध्ये गुऱ्हाळांचा धूर. हा सगळा कालव्याचा चमत्कार. सह्याद्रीच्या आडोशाला राहिलेला हा कमी पावसाचा पट्टा; रमाबाईंनी इथे जागा घेतली ती पाण्यानं भरलेली नव्हती, विहिरी खणाव्या लागल्या. त्या आवारात झाडांच्या सावलीत बसून मी यशयाचा बारावा अध्याय वाचला, तारणाच्या झऱ्यांतून आनंदानं पाणी शेंदायचा. पुण्यात नळ सोडून वाचताना ते कवित्व वाटतं. कोरड्या जागी हजारोंना पाजायचं पाणी रोज उपसायचं म्हणजे काय, याचा विचार करत वाचलं की घसा कोरडा पडतो.

रमाबाईंची गोष्ट तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल, तरी दोन-तीन गोष्टी सांगते, कारण आजच्या वचनाशी त्यांचा संबंध आहे. १८५८ चा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे, मुलीला संस्कृत शिकवणारे. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण असे तिघे गेले. उरली ती रमा आणि तिचा भाऊ. पुढे कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं, ते उपाशी राहिलेल्या पोटाला. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे बाप्तिस्मा. १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन, पुढच्या वर्षी ते पुण्याला. आणि १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा ही बाई स्वतः तिकडे गेली, कारण उपासमार कशी असते ते तिला कुणी सांगायला नको होतं. तिनं शेकडो मुली आणल्या. १९०० नंतर केडगावच्या आवारात जवळजवळ दोन हजार जीव होते. त्यांतला एक माझी पणजी.

आता अडचणीची बाजूही सांगायला हवी. शारदासदन सुरू झालं ते धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याच्या वचनावर. १८९३ मध्ये तिथल्या मुली ख्रिस्ती धर्माकडे वळताहेत म्हणून पुण्यात वादळ उठलं. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं होतं की मी कुणावर जबरदस्ती केलेली नाही, माझ्या खोलीत मी प्रार्थना करते आणि दार उघडं असतं, एवढंच. त्या उघड्या दाराबद्दल लोक आजही भांडतात. मला रमाबाईंबद्दल प्रेम आहे, घरचंच माणूस वाटतं ते. तरीही भुकेल्या सात वर्षांच्या मुलीला 'स्वातंत्र्य' किती होतं, हा प्रश्न विचारणाऱ्याला मी खोटं पाडू शकत नाही. जिच्या हातात भाकरी आहे तिच्या प्रार्थनेचं वजन त्या मुलीला वेगळंच वाटणार.

म्हणजे सहकारी बरोबर होता? इथेच मी त्या आवारात अडकून बसले होते.

मग लूकचा पंधरावा अध्याय आठवला. उधळ्या पुत्राची गोष्ट आपण 'पश्चात्ताप' म्हणून सांगतो. पण नीट वाचा, तो घराकडे वळतो तो कशानं? डुकरांच्या शेंगाही मिळेनात आणि आठवलं की बापाच्या घरी मजुरांनासुद्धा पोटाला उरेल इतकं मिळतं. भाकरीसाठीच आला तो! आणि येताना बोलणं पाठ करून आला. त्या बोलण्याच्या शेवटी व्यवहार आहे: मला मुलगा म्हणू नका, मजूर म्हणून ठेवा. खाईन तेवढं काम करीन, हिशेब चुकता. आता पुढे बघा. बापापुढे उभा राहिल्यावर तो बोलायला लागतो, पाप केलं म्हणतो, लायक नाही म्हणतो, आणि मजुरीचं वाक्य त्याच्या तोंडून येतच नाही. बाप झगा आणायला सांगत सुटलेला असतो. मुलाचा हेतू शुद्ध होता की भुकेचा, याची चौकशी त्या घरात कुणी करत नाही. (थोरला भाऊ करतो. तो आमच्या कँटीनमध्येही असतो, आणि पुष्कळदा आपल्या मंडळीतही.)

हे लक्षात आल्यावर भाकरीची लाज गेली. भूक हे देवाच्या घरी येण्याचं हलकं कारण असेल, तर येशूनं पाच हजारांना आधी जेवायला घालायला नको होतं.

पण अर्धाच प्रश्न सुटला. भुकेलेल्यानं लाजू नये, ठीक. भाकरी देणाऱ्याचं काय? कारण पौल करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात सांगतो की तुम्ही स्वतःचे नाही, मोल देऊन विकत घेतलेले आहात. सहकाऱ्याचाच शब्द, विकत घेतलेले! लहानपणी हे वचन मला पाठ करायला लावलं होतं आणि त्याचा अर्थ सांगितला होता की गप्प बसायचं, ऐकायचं. सांगणारे कोण होते ते सोडून देऊ. पुढचाच अध्याय मात्र कुणी पाठ करून घेतला नाही. सातव्या अध्यायात पौल तेच शब्द पुन्हा घेतो आणि भलतंच सांगतो: मोल देऊन घेतलेले आहात, म्हणून माणसांचे दास होऊ नका. म्हणजे ज्याच्यासाठी ख्रिस्तानं किंमत मोजली त्याच्यावर आता दुसऱ्या कुणाचा सातबारा चढत नाही. मिशनचा नाही, पाळकाचा नाही, ज्यानं फी भरली त्याचा नाही, ज्यानं उपाशी असताना उचलून आणलं त्याचासुद्धा नाही.

आणि 'कुणाला'चं उत्तर? मी निर्गम काढलं. सहाव्या अध्यायात देव इस्राएलाला सोडवणार म्हणतो, आणि तिथला हिब्रू शब्द 'गाअल' हा जवळच्या नातलगानं पुढे होऊन सोडवण्याचा आहे. गहाण पडलेली भावाची जमीन सोडवायची, गुलाम झालेल्या भाऊबंदाला मोकळं करायचं, हे लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायातलं काम. बवाजानं रूथसाठी केलं ते. पण मिसरातून सोडवताना देवानं फारोला किती दिले? दमडीही नाही. यशयाच्या बावन्नाव्या अध्यायात तर स्पष्टच आहे: तुम्ही फुकट विकले गेलात, पैक्याविना सोडवले जाल. म्हणजे खंडणीच्या चित्रात 'किती लागलं' एवढंच बघायचं. कुणाच्या गल्ल्यात गेलं हे बघायला लागलो की चित्र फाटतं. किंमत होती, भयानक होती, वधस्तंभावर दिसते. पण पलीकडे हात पसरून बसलेला सावकार कुणी नाही. पोराला वाचवायला आई आगीत शिरते आणि हात भाजून घेते तेव्हा ते हात तिनं कुणाला 'दिले' असं आपण विचारत नाही.

बवाजाचंही बघा. तो जमीन सोडवतो, रूथ त्याची ऋणको होत नाही, घरची होते. दाविदाची पणजी होते ती! (माझ्या पणजीवरून इथे आले ते योगायोगानं, पण आवडलं मला.)

आता आजच्या वाचनाचा उरलेला भाग. पंचेचाळिसाव्या वचनात खंडणी, आणि लगेच सेहेचाळिसाव्यापासून यरीहोच्या रस्त्यावरचा आंधळा बार्तीमय. दोन वेगळ्या गोष्टी म्हणून आपण मध्ये बायबल मिटतो. मार्कानं त्या शेजारी ठेवल्यात, आणि मला वाटतं मुद्दाम ठेवल्यात. खंडणीच्या आधी येशू काय सांगत होता? परराष्ट्रीयांचे अधिकारी लोकांवर धनीपणा गाजवतात, तुमच्यात तसं नको. मग खंडणीचं वाक्य. आणि मग तो एका भिकाऱ्यापुढे थांबतो आणि विचारतो: तुझ्यासाठी मी काय करावं असं तुला वाटतं? आंधळ्याला काय हवं हे दिसत नव्हतं का? तरी विचारतो. त्याच्या तोंडून येऊ देतो. मग म्हणतो, जा, तुझ्या विश्वासानं तुला बरं केलं.

हे 'बरं केलं' ग्रीकमध्ये 'सोझो' या क्रियापदाचं रूप आहे. लूकच्या सातव्या अध्यायात पाय धुणाऱ्या त्या पापी स्त्रीला येशू हेच शब्द म्हणतो, आणि तिथे आपलं मराठी बायबल लिहितं 'तारलं'. एकच वाक्य, एकदा डोळ्यांसाठी, एकदा पापांसाठी. ग्रीकला दोन शब्दांची गरज वाटली नाही. केडगावला रमाबाईंनी अंध स्त्रियांसाठी घर काढलं त्याला याच बार्तीमयाचं नाव आहे. तिथे ब्रेलवरून फिरणारी बोटं हे बरं होणं की तारण, ते ठरवायला मला जमणार नाही, आणि ठरवायचंही नाही.

आणि 'जा' हा शब्द. येशू त्याला 'माझ्यामागे ये' म्हणत नाही. 'आता तू माझा' म्हणत नाही. जा, म्हणतो. बार्तीमय जात नाही, वाटेनं त्याच्या मागे चालू लागतो, पण ते त्याचं त्यानं ठरवलेलं. ज्याचा जीव खंडणी होणार आहे तो माणूस सोडवलेल्याच्या हातात मोकळा रस्ता देतो. मला वाटतं खंडणीचा अर्थ मार्कानं पुढच्या सात वचनांत असा लिहून ठेवलाय.

'मुक्ती' या शब्दाबद्दलही एक सांगायचं राहिलं. रमाबाईंनी आयुष्याची शेवटची अठराएक वर्षं मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं साध्या मराठीत भाषांतर करण्यात घातली. पोटात शास्त्रं असलेल्या या बाईला जड संस्कृत शब्द नको होते, कारण त्या शब्दांच्या आत दुसरं तत्त्वज्ञान आधीच घर करून असतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? ५ एप्रिल १९२२ ला ती गेली, मुलगी मनोरमा आदल्याच वर्षी गेलेली. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं, केडगावच्या बायकांनीच छापलेलं. तरी घराचं नाव तिनं 'मुक्ती' ठेवलं होतं, आपल्याकडचा सर्वात भारलेला शब्द! आपल्याकडे मुक्ती म्हणजे पुन्हा जन्म नाही. आणि योहानाच्या तिसऱ्या अध्यायात येशू निकदेमाला सांगतो, नव्यानं जन्मल्याशिवाय गत नाही. फेऱ्यातून सुटायला निघालेल्या माणसाला हे ऐकून घाबरायलाच होईल. त्या घराच्या आवारात मुक्ती म्हणजे निघून जाणं नव्हतं, सकाळी उठून विहिरीवर जाणं, खिळे जुळवणं, दळणं, अक्षरं गिरवणं होतं. आणि रमाबाईंनीच आपल्या साक्षीत लिहिलंय की १८८३ ला बाप्तिस्मा झाला तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त भेटला तो सुमारे आठ वर्षांनी. पौल करिंथकरांना लिहिताना चालू क्रियापद वापरतो, ज्यांचं तारण होत आहे ते. पणजीच्या उशाखालच्या तुकड्याकडे मी आता तसं बघते. रानात रोज मान्ना पडत असूनही लोक उद्यासाठी लपवून ठेवत होते, हेही निर्गमातच आहे. भीती इतक्या लवकर सुटत नाही, आणि देवाला घाई नसते.

इथवर लिहून थांबणार होते. पण मग गेल्या रविवारची रात्र खोटी ठरेल, कारण मला झोप आली नाही ती ओरिगेनमुळे नव्हे.

आमच्या संघात एक मुलगा होता. तीन वर्षांपूर्वी त्याच्या वडिलांची नोकरी गेली तेव्हा दोन सत्रांची फी मी भरली. कुणाला सांगितलं नाही, त्यालाही 'परत करू नकोस' म्हटलं. मनात स्वतःची पाठ थोपटली. गेल्या दिवाळीनंतर तो यायचा बंद झाला. कुणी म्हणालं दुसऱ्या मंडळीत जातो, कुणी म्हणालं कुठेच जात नाही. आणि मी काय केलं? त्याला मेसेज केला, "विसरलास का रे आम्हाला?" वरून प्रेमळ, नाही का? त्याला कळलं मी काय मागतेय ते. त्यानं उत्तर दिलं नाही. मग मी मैत्रिणीजवळ बोलले, "एवढं केलं त्याच्यासाठी." ते वाक्य तोंडातून गेलं तेव्हा काही वाटलं नाही. रविवारी "खंडणी तर गुंड मागतात ना" ऐकलं तेव्हा वाटलं. मी वाचवलं, आता दर रविवारी हजेरी भर. पेपरातला अर्थच मला लागू होता, बायबलमधला नव्हे.

पणजीच्या बाबतीत ज्या प्रश्नानं मला लाज वाटली होती, भाकरीच्या बदल्यात विकत घेतलं का, तो प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच्या मिशनला विचारत मी केडगावपर्यंत गेले. परतीच्या गाडीत तो माझ्याच मांडीवर येऊन बसला. उरुळी येईपर्यंत मी फोन हातात घेऊन बसले होते. काय लिहायचं? माफी मागितली तर त्याला पुन्हा काहीतरी उत्तर द्यावं लागणार, म्हणजे पुन्हा वसुलीच.

शेवटी लोणीला लिहिलं: "तुझी आई बरी आहे का? बाबांचं काम लागलं का? उत्तर नाही दिलंस तरी चालेल."

आज बारा दिवस झाले, दोन निळ्या खुणा आहेत, उत्तर नाही. दिवसातून तीन-चारदा बघते मी अजून. प्रार्थनेत त्याचं नाव घेताना सध्या एकच शब्द म्हणायचा प्रयत्न चाललाय, येशूनं यरीहोच्या रस्त्यावर म्हटला तो. सगळ्या दिवशी जमत नाही.

उद्या मार्क ११, शिंगरू सोडून आणण्याचा भाग. आज जमलं तर यशया ५२ ची पहिली तीन वचनं वाचून ठेवा.